कॅलरी मोजून वजन उतरवणं: आपापल्या स्वयंपाकघरातले हिशोब

किती किलो उतरलं हे नंतर. इथे आपल्या गावाच्या नावाखाली मोजणीची पद्धत लिहा: काय मोजता, कच्चं की शिजलेलं, आकडा कुठे फसवतो. प्रमाण ग्रॅममध्येच द्या, 'एक वाटी' प्रत्येक घरात वेगळी असते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. डोस तोच राहून खाणं घटलं की साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही विचारल्याशिवाय सुरू करू नये.

ठाणे
आधी आपला आकडा काढा, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीराला दिवसाला किती कॅलरी लागतात तो. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र सोपं आहे: वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंमी) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. बाई असेल तर आणखी १६१ वजा, पुरुष असेल तर ५ मिळवा. ७० किलो, १५८ सेंमी, ४० वर्षांच्या बाईचं उत्तर साधारण १३२५ येतं. बैठं काम असेल तर त्याला १.२ ने गुणायचं, म्हणजे १६०० च्या आत-बाहेर. त्यातून ३०० ते ४०० कमी करा. घरकाम आणि संध्याकाळची फेरी धरून १.५५ ने (हा मध्यम व्यायाम करणाऱ्यांचा आकडा) गुणण्याचा मोह होतो, तिथेच सगळी तूट संपते. १२०० च्या खाली आपल्या मनाने उतरू नका.

कोल्हापूर
तेलावर सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचा हिशोब इथेच गळतो. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, पीठ-साखरेत ४. चहाचा सपाट चमचा तेल म्हणजे ४० च्या वर, आणि फोडणीच्या पळीत असे तीन-चार चमचे सहज मावतात.

मोजायची रीत: तेलाची बुधली काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, कढईत तेल ओता, बुधली परत ठेवा. काटा 'उणे १४' दाखवेल, तेवढे ग्रॅम तेल गेलं. पळी-चमचा बरबटत नाही.

तळणीसाठी कढई तेलासकट आधी आणि नंतर तोला. पाणी पुरीतलं उडतं, तेल उडत नाही, म्हणून जेवढं कमी भरलं तेवढं पुऱ्यांनी प्यायलं. त्याला पुऱ्यांनी भागा.

रोज मोजणं जमत नसेल तर महिन्याचा हिशोब करा. एक लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल असतं. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर संपत असेल, तर माणशी रोज ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी. तूप, शेंगदाण्याचं कूट आणि खोबरं यात धरलेलंच नाही.

नाशिक
आमटी, उसळ, रस्सा यांसाठी रिकामं पातेलं तोलून त्याचं वजन कपाटाच्या दारावर लिहून ठेवा. १५० ग्रॅम तूरडाळ (५०० कॅलरी), २० ग्रॅम तेल (१८०), १० ग्रॅम गूळ (४०): एकूण ७२०. आमटी झाल्यावर पातेलं तोललं, रिकाम्याचं वजन वजा केलं, उरले १२०० ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमला ६०. ताटात १५० ग्रॅम घेतली तर ९०. पाणी कितीही वाढवा, भांड्यातली बेरीज तीच राहते. मात्र वाढण्याआधी तळापासून ढवळा, नाहीतर वरच्या माणसाला तवंग आणि खालच्याला डाळ.

पुणे
पीठ, तांदूळ, डाळ यांची नोंद कच्च्या वजनानेच करा. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ३५० कॅलरी, १०० ग्रॅम भातात सुमारे १३०. ॲपमध्ये चुकीची ओळ निवडली की हिशोब अडीचपटीने फिरतो. भाकरी पचायला हलकी म्हणून लोक मोजतच नाहीत. ७० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी २४० च्या घरात जाते, प्रत्येकी ३० ग्रॅम कणकेच्या दोन तेल लावलेल्या पोळ्यांइतकी. भाकरी सोडू नका, पीठ तोला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते वापरत असाल तर त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. ४.१८४ ने भागलं की कॅलरी.

सातारा
उपासाचा दिवस सर्वात जड पडतो. साबुदाणा ७० ग्रॅम (२४५), कूट ३० ग्रॅम (१६५), तूप मोठा चमचा (१२०), बटाटा ५० ग्रॅम (४०): खिचडीची एक ताटली ५७०, आणि प्रथिनं नावालाच. वरी आणि ताक घेतलं तर बरंच खाली येतं, पण शेंगदाण्याच्या आमटीचं कूट तोलूनच घाला.

न्यू जर्सी
इथल्या पाकिटांवर 'एका वाढणी'त ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर शून्य छापायला परवानगी आहे. तेलाच्या स्प्रेची वाढणी पाव सेकंदाची धरलेली असते, म्हणून डब्यावर शून्य. आत तेलच आहे. आपण तीन-चार सेकंद फवारतो.

नागपूर
चहा राहिला. फुल क्रीम दूध ६० मिली (५०) आणि दोन चमचे साखर (४०), तीन कप झाले की २७०. टोन्ड दूध घेऊन साखर अर्धी केली तर १७० च्या आसपास येतं.

वजन सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी करा, आणि एका दिवसाचा आकडा न बघता आठवड्याची सरासरी बघा. पापड-लोणच्याचं जेवण किंवा पाळीच्या आधीचे दिवस काटा किलोभर वर नेतात, ते पाणी असतं. पहिल्या आठवड्यातली मोठी घसरणही बरीचशी पाण्याचीच. चार आठवडे सरासरी जागची हलली नाही तर जेवण आणखी कापण्याआधी आठवडाभर तेल, कूट आणि डब्यातला चिवडा पुन्हा काट्यावर ठेवा. पाच किलो उतरले की ठाण्याचं सूत्र नव्या वजनाने परत मांडा, कारण गरजही तेवढी खाली आलेली असते.