'सिन्स थ्री डेज' का चालत नाही? 'पासून'चं इंग्रजी

मूळ प्रश्न:
भाची आठवीत आहे, सेमी-इंग्रजीला. तिने रजेचा अर्ज लिहिला: 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स थ्री डेज.' बाईंनी 'ॲम' आणि 'सिन्स' यांना लाल गोल केले, दुरुस्ती मात्र लिहिली नाही. पोरगी वही घेऊन माझ्याकडे आली. आता पंचाईत अशी की हेच वाक्य मी स्वतः ऑफिसात वीस वर्षं लिहीत आलोय! 'तीन दिवसांपासून'ला 'सिन्स' नाही, तर मग काय?

प्रतिसाद १:
'पासून'च्या आधी काय आलंय ते बघा. सोमवारपासून, २०१९पासून, लग्न झाल्यापासून: इथे सुरुवात कधी झाली ते कळतं. तिथे सिन्स. 'तीन दिवसांपासून'मध्ये मात्र किती काळ लोटला तेवढंच आहे. तिथे फॉर. मी वर्गात सांगायचे, कॅलेंडरवर बोट ठेवता आलं तर सिन्स, बोटं मोजावी लागली तर फॉर.

'ॲम'चं दुखणं वेगळं. आपल्याकडे ताप 'आहे' म्हटलं की भागतं, कधीपासून का असेना. मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं सांगायचं तर इंग्रजीला 'हॅव' लागतो: 'आय हॅव हॅड फीव्हर फॉर थ्री डेज.' 'हॅव बीन सफरिंग'ही बरोबर आहे, पण साध्या तापाला 'सफरिंग' जरा जडच होतं. अर्जांतून ते जायचं नाही म्हणा.

हा 'हॅव' गाळलात तर अर्थच फिरतो. 'आय लिव्ड इन नाशिक फॉर टेन इयर्स' म्हणजे नाशिक सुटलं. 'आय हॅव लिव्ड इन नाशिक फॉर टेन इयर्स' म्हणजे मुक्काम अजून तिथेच.

प्रतिसाद २:
थोडं विषयांतर. मला तर 'तीन दिवसांपासून' हे मराठीच खटकतं. आमची आजी 'तीन दिवस झाले ताप आहे' म्हणायची, नाहीतर 'गेले तीन दिवस'. 'पासून' लागायचं ते सकाळ, सोमवार, दिवाळी असल्या शब्दांना. 'तीन दिवसांपासून'ला माझ्या नाकाला तरी 'तीन दिन से'चा वास येतो. पटलं नाही तर सोडून द्या, पण एक करून बघा: मनात 'गेले तीन दिवस' म्हणा आणि मग इंग्रजी करा. 'फॉर द लास्ट थ्री डेज' आपसूक येतं, सिन्सला शिरायला फटच राहत नाही.

प्रतिसाद ३:
जर्मनीत राहतो म्हणून लिहितोय. जर्मनमध्ये 'झाइट' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, सोमवारपासूनलाही आणि तीन दिवसांपासूनलाही. वर क्रियापद साधं वर्तमानकाळी. म्हणजे थेट आपलंच वाक्य. इथले सहकारी इंग्रजीत 'आय ॲम हिअर सिन्स थ्री इयर्स' म्हणतात तेव्हा गावाकडचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. फ्रेंचांचा 'दप्वी'ही असाच दोन्हीकडे. तेव्हा भाचीला सांगा, वेगळी चूल इंग्रजीने मांडलीय.

मूळ प्रश्नकर्ता:
मग 'आय ॲम वेटिंग फ्रॉम मॉर्निंग'? हेही रोजचंच आहे.

प्रतिसाद १:
तेही चुकीचं. 'आय हॅव बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग.' 'फ्रॉम नाइन टू फाइव्ह' बरोबर, पुढचं सांगताना 'द ऑफिस विल बी क्लोज्ड फ्रॉम मंडे'ही बरोबर. पण सकाळी सुरू झालेलं आणि अजून न संपलेलं फ्रॉमच्या हाती द्यायचं नाही.

सिन्सचा आणखी एक खोडसाळपणा सांगते. त्याचा अर्थ 'कारण' असाही होतो. 'आय हॅव नॉट ईटन सिन्स यू लेफ्ट.' तुम्ही गेल्यापासून जेवले नाही, की तुम्ही गेलात म्हणून? असं एकटं वाक्य वाचलं तर कुणीही 'गेल्यापासून' असंच घेईल. सिन्सच्या आधी स्वल्पविराम टाकलात की वाक्य 'म्हणून'कडे झुकतं. कारणच सांगायचं असेल तर मी सरळ 'बिकॉज' लिहिते.

मूळ प्रश्नकर्ता:
भाचीने काल अर्ज पुन्हा लिहिला, 'आय हॅव हॅड फीव्हर फॉर थ्री डेज.' मी खूश. आज सकाळी ती म्हणते, "मामा, ताप तर उतरला, आता 'हॅव' काढू ना?" आणि माझ्यासमोर खोडून लिहिलं: 'आय हॅड फीव्हर फॉर थ्री डेज.'