विचर ३: ९६ तास झाले, स्केलिगेत अडकलोय. सोडू की ओढू?

ब्रिक्सवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरकडे एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. आमच्या वर्षाचे दोनच भाग, हंगाम आणि बिगर-हंगाम. एकदा मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की पाच महिने तिन्ही पाळ्यांत फिरायचं. तेव्हा गेम सोडाच, बायकोशी बोलणंही डबा घेता-देता. हंगाम संपला की मात्र साडेपाचला घरी. गेल्या वर्षी मे महिन्यात मेहुण्याने त्याचा जुना पीसी दिला, त्यात ‘विचर ३’ होता. गेम २०१५ चा, पण मला कोराच.

पहिले दोन महिने वेड लागलं होतं. गेममधल्या वेलेन परगण्यातला तो दारुडा बॅरन आठवत असेल. त्याची बायको-पोरगी शोधता शोधता त्या माणसाबद्दलचं माझं मत चार वेळा फिरलं. टेकडीवरच्या झाडाखाली कोंडलेल्या आत्म्याचं काय करायचं ते ठरवलं, गेम बंद केला, आणि रात्री दीड वाजता पंख्याकडे बघत पडलो होतो की चुकलंच आपलं. नोव्हिग्राड शहरात ग्वेंट या गेममधल्याच खेळाचे पत्ते जमवण्यात अख्खा श्रावण गेला. तक्रार नाही, मजेत गेला.

मग जहाजाने स्केलिगेला, म्हणजे गेममधल्या बेटांवर. नकाशा उघडला तर समुद्रभर प्रश्नचिन्हं! मला काही अर्धवट ठेवता येत नाही, प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये एक रकाना रिकामा दिसला तरी चैन पडत नाही. सुरू केलं. बोट थांबवायची, डोक्यावर सायरन, म्हणजे उडत्या जलपऱ्या, घिरट्या घालायला लागतात, त्या बाणाने पाडायच्या, पाण्यात उडी मारायची, तरंगणारी पिंपं उघडायची. आत काय? कातडं, कुणाची तरी बोथट तलवार, नशीब असेल तर एखादा आराखडा. ओझं जास्त झालं की गेराल्टला, म्हणजे आपल्या नायकाला, पळता येत नाही, म्हणून बंदरावर जाऊन सगळं विकायचं. की परत समुद्र. असं करत ७० तासांचे ९६ झाले आणि कथा तसूभर हलली नाही.

तेवढ्यात मोळी पडली.

एप्रिलमध्ये गेम पुन्हा उघडला. गेराल्ट बोटीत उभा, वर पाऊस, आणि मला एकही बटण आठवेना. सायरनला बाण मारायला गेलो ते थेट समुद्रात. लोड होताना तो गेराल्टचा कवी मित्र डॅन्डेलियन ‘आतापर्यंत काय घडलं’ ते सांगतो ना, त्यातली निम्मी नावं कुणाची ते कळेना. पाहुण्याच्या गावच्या भावकीची भांडणं ऐकावीत तसं झालं. त्यानंतर ऑगस्टपर्यंत दहा-बारा वेळा सुरू केला असेल. दरवेळी वीस मिनिटांत बंद.

आमच्या भाषेत सांगायचं तर उतारा पडलाय. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत शंभर किलो उसाला बारा किलोच्या वर साखर निघते. एप्रिलच्या उन्हात तोच आकडा घसरायला लागतो, तरी कारखाना चालू ठेवतात, कारण शेतकऱ्याचा नोंदीचा ऊस रानात उभा असतो. तो गाळल्याशिवाय बंद करता येत नाही. पण इथे कुणाचा ऊस उभा आहे? मी अनइन्स्टॉल केला तर कुठला सभासद मोर्चा काढणार आहे? तरी त्या बटणावर बोट जात नाही. ९६ तास वाया जातील असं वाटतं.

दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर पेटेल. त्याआधी काय ते ठरवायचंय. तुम्ही लोक लांबलचक गेम कधी सोडता? कसं ठरवता?

घाटावरचा_गेराल्ट

हसून हसून पुरेवाट झाली. ‘कुठला सभासद मोर्चा काढणार’!

ब्रिक्सवाले, तुम्ही गेम खेळत नव्हता, रद्दी गोळा करत होता. स्केलिगेच्या समुद्रातली प्रश्नचिन्हं म्हणजे बहुतेक सगळा चोरट्या व्यापाऱ्यांनी दडवलेला माल. मी सगळी केलीत. दोनदा. मला विचारा आत काय आहे. काही नाही.

डिसेंबर २०२२ चं मोठं अपडेट आलं त्यानंतर नकाशावर फिल्टर आहे. तो ‘डिफॉल्ट’वर ठेवला की प्रश्नचिन्हंही जातात आणि बोटींची चिन्हंही. तुमच्याकडे दिसतायत म्हणजे एक तर अपडेट घेतलं नाही, नाहीतर फिल्टर ‘सगळं’वर आहे. ते आधी बघा.

दुसरं, काठिण्य कमी करा. मेनूतून कधीही करता येतं, ‘जस्ट द स्टोरी’वर टाका. त्यात लाज कसली? सहा महिन्यांनी कामावर आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी रात्रपाळी देता का तुम्ही? किनाऱ्यावर पंधरा मिनिटं बुडक्या भुतांना झोडपा, हात आपोआप वळेल.

आणि हो, धुक्याच्या बेटावर जायच्या आधी मित्रमंडळींच्या उपकथा उरकून घ्या. बेटावर गेलात की त्यातल्या बऱ्याच कायमच्या बंद होतात. तुम्ही जिथे आहात तिथून नुसती मुख्य कथा धरली तर माझ्या अंदाजाने पंधरा-वीस तास.

तुमच्याच भाषेत, कथा हा नोंदीचा ऊस. समुद्रातला सगळा बिगरनोंदीचा. त्याला तोड द्यायची गरज नाही.

ड्युटीवरून_आलेली

मी उलट बाजूने बोलते. सोडा.

मी ‘पर्सोना ५ रॉयल’ ८८ तासांवर सोडला आणि सुखात आहे. मी नर्स, आमच्या वॉर्डात ड्युटी चार्टवर आयुष्य चालतं. हा गेमही कॅलेंडरवर चालतो. एप्रिलमध्ये पोरगा टोकियोला येतो, रोज शाळा, शाळेनंतर कुणाला भेटायचं, काय वाचायचं, कुठे जायचं ते आपण ठरवायचं. सुरुवातीला हेच आवडलं होतं. पाऊस पडतोय म्हणून अभ्यास करावा, का दवाखानावाल्या डॉक्टरीणबाईंकडे जावं, असला विचार करत बसायचे. मग कुणीतरी एक तक्ता पाठवला, कुठल्या तारखेला काय केलं म्हणजे काहीही सुटत नाही. झालं! मोबाईलवर तक्ता, हातात स्विच कन्सोल. १४ तारीख, संध्याकाळ, अमुक. १५ तारीख, दुपार, तमुक. घरी येऊन दुसरी ड्युटी.

पाचव्या महालात, तो बर्गर कंपनीचा मालक, त्याच्या अंतराळातल्या कारखान्यात, यंत्रमानवांच्या टोळ्या येतात आणि वर घड्याळ चालू असतं. तीनदा हरले. चौथ्यांदा हरले तेव्हा मला बरं वाटलं! हरल्याचं दुःख नाही, थोडं हायसंच. त्याच रात्री ठरवलं, बास.

पुढची कथा यूट्यूबवर दोन रविवार बघितली, भाजी निवडत. आणि गंमत म्हणजे तक्ता हाती यायच्या आधी मी शाळेतल्या त्या समुपदेशक डॉक्टरांकडे फारशी फिरकलेच नव्हते. त्यांच्याशी ओळख नोव्हेंबरपर्यंत वाढवली नाही तर शेवटचं सत्र उघडतच नाही. म्हणजे मर-मर मरून शंभर तास केले असते, तरी ज्याच्यासाठी लोक ‘रॉयल’ घेतात ते मला मिळालंच नसतं.

तुम्हाला विचारते, पीसी चालू केल्यावर नको वाटतं, की स्केलिगे दिसल्यावर नको वाटतं? पहिलं असेल तर सरळ सोडा.

पेन्शनर_लेव्हल_६३

ब्रिक्सवाले, मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी खेळायला लागलो, मुलाने घरी ठेवलेल्या कन्सोलवर. पहिलाच गेम ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’, २०१४ चा. त्यात सुरुवातीला हिंटरलँड्स नावाचा प्रदेश आहे. मला वाटलं हाच गेम. ३१ तास मी तिथे. एल्फरूट म्हणून एक वनस्पती आहे, दिसली की उपटायची. मी हजारभर तरी उपटली असेल. आमच्या ही म्हणायच्या, अंगणातलं तण काढा की तेवढंच. निर्वासितांना मटण आणून दे, घोडेवाल्या डेनेटच्या रानातले लांडगे मार. तिकडे आभाळाला भोक पडलंय, जग बुडतंय, आणि इकडे जगाचा तारणहार झुडपं उपटतोय.

मुलगा दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, बाबा, तुम्ही अजून इथेच? नंतर कळलं की जगभर माझ्यासारखे इतके निघाले की गेम बनवणाऱ्यांनाच लोकांना सांगावं लागलं, बाबांनो, हिंटरलँड्समधून बाहेर पडा.

मी पडलो बाहेर, आणि गेम पुरा केला. चांगला आहे. पण ३१ तासांत जे शिणलो तो शीण शेवटपर्यंत अंगात राहिला.

माझा नियम आता एकच आहे. सोडायचा तर त्याच दिवशी काढून टाकायचा. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून डेस्कटॉपवर ठेवायचा नाही. ते चित्र रोज आपल्याकडे बघत बसतं.

रच्याकने_रोहिल

दादाऽऽ सोडू नका!! ‘ब्लड अँड वाइन’ ही पुरवणी राहिलीय अजून! टूसाँ हा नवा प्रदेश! द्राक्षाचे मळे, स्वतःचं घर, घरात शस्त्रं टांगायला जागा! मूळ गेमपेक्षा भारी!

ब्रिक्सवाला

@रच्याकने_रोहिल म्हणजे अजून ऊस?

@घाटावरचा_गेराल्ट कबुली देतो. अपडेट घेतलेलं होतं. फिल्टर मीच हाताने ‘सगळं’वर ठेवला होता. सुरुवातीला नकाशा मोकळा दिसला, वाटलं काहीतरी बिघडलंय, म्हणून शोधून शोधून चालू केला.

@पेन्शनर_लेव्हल_६३ काका, एल्फरूटवर बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बघा, तुमच्यासारखेच आहेत.

@ड्युटीवरून_आलेली ताई, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस घालवले. पीसी चालू करताना नको वाटत नाही. बोट दिसली की वाटतं. तक्त्याचंही पटलं. माझा तक्ता कुणी पाठवला नव्हता, मीच तयार केला होता.

शनिवारी फिल्टर बदलून बघतो. नाही जमलं तर काकांचा नियम.

ब्रिक्सवाला

(तीन आठवड्यांनी. पुढे स्केलिगेतल्या एका प्रसंगाचा गौप्यस्फोट आहे. खेळायचं असेल तर पुढचे दोन परिच्छेद गाळा.)

फिल्टर बदलला. समुद्र एकदम रिकामा झाला, नुसतं पाणी. पहिल्यांदाच लक्षात आलं की लांबून बेटं किती सुंदर दिसतात. काठिण्य ‘जस्ट द स्टोरी’वर टाकलं. किनाऱ्यावर जी काही बुडकी भुतं सापडली त्यांना झोडून हात मोकळा केला. मग सेरिस या स्केलिगेतल्या सरदारकन्येच्या कामाला लागलो, एका यार्लला (तिकडच्या सरदाराला) पछाडलंय ते.

त्या यार्लला स्वतःच्या भावाच्या मरणाचा अपराध खातोय, आणि त्या अपराधावर जगणारं एक भूत त्याला चिकटलंय. सेरिसची युक्ती अशी की भुताला फसवायचं. कसं, तर ती यार्लचं तान्हं मूल उचलून आणते आणि गेराल्टला सांगते, टाक भट्टीत. पडद्यावर निवड येते, खाली वेळेची पट्टी भराभर सरकतेय. नेमकी त्याच वेळी बायको पोरीच्या दुधाचा ग्लास घेऊन दारात. ‘अगं बया! अहो, लेकरू आहे ते!’ मला तिच्याकडे बघायला वेळ नव्हता. टाकलं. तिने ग्लास टेबलावर आपटला. तिकडे यार्लचा आक्रोश. मग भूत त्याला सोडून गेराल्टच्या मागे लागलं, आणि कळलं की बाळाला काही झालेलं नाही, सगळं आधी ठरवून केलं होतं. बायको तोवर खुर्ची ओढून शेजारी बसलेली. पुढे मला म्हणाली, तुम्हाला ठाऊक होतं का बाळ वाचणार ते? नव्हतं. तरी टाकलंत? त्यावर घरात अर्धा तास चर्चा. पोरगी दूध न पिताच झोपली.

दुसऱ्या दिवशी जेवताना बायकोने विचारलं, ती सेरिस राणी होते का पुढे? म्हटलं, बघायला लागेल. तेव्हापासून पोरगी झोपली की साडेनऊला आम्ही दोघं बसतो. तिला मारामारीत रस नाही, त्या वेळी ती मोबाईल बघते. कोण कुणाला काय बोललं ते मात्र माझ्यापेक्षा तिला जास्त लक्षात राहतं, डॅन्डेलियनची गरज उरलेली नाही. गेराल्टच्या प्रेयसींपैकी येनेफर तिला आवडत नाही. ट्रिस तर त्याहून नाही.

परवा बंदरावरून बोट काढली, तर पलीकडे पाण्यात पिंपं तरंगताना दिसली. चिन्ह नव्हतं, नुसत्या डोळ्यांनी दिसली. मी जरा बोट वळवली.

‘समुद्रात जाणार असाल तर मी झोपते,’ ती म्हणाली.

बोट सरळ केली. सध्या केर मोरहेन या विचरांच्या गडावर, ११३ तास. बॉयलर अग्निप्रदीपनाची पत्रिका कालच छापायला गेली.