मदत हवी आहे: नावं नोंदवतात, पण येत नाहीत

आमच्या छोट्या सार्वजनिक वाचनालयात २३ एप्रिलला, जागतिक पुस्तक दिनाला, मुलांसाठी गोष्टींचा तास ठेवतोय. हॉल वेगळा नाही, वाचनकक्षातलीच टेबलं भिंतीला लावून जेमतेम ३० जण मावतात. अडचण अशी की गूगल फॉर्म टाकला की लगेच भरतो, मग उरलेल्यांना नाही म्हणावं लागतं आणि ऐनवेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण करून झाली, फोनही करून झाले, सगळे 'हो हो येतो' म्हणतात आणि येत नाहीत ते नाहीतच. फी किंवा डिपॉझिट नकोय, कार्यक्रम मोफतच ठेवायचाय, आणि दोन बॅच घ्यायला माणसं नाहीत. तर जागेपेक्षा जास्त नावं घ्यावीत का, घेतली तर साधारण किती, आणि नेमके सगळेच आले तर दारात उभ्या पोरांचं काय करायचं?