जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा अभ्यास : सुरुवात दुरुस्तीपासून करावी की इतिहासापासून?

प्रश्न : नवा_श्रोता

रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास छंद म्हणून अभ्यासावा असे बरेच दिवस मनात होते. त्यासाठी बेकेलाइटच्या पेटीतला एक जुना टेबल रेडिओ मिळवला आहे. मागचा पुठ्ठा काढल्यावर आत पाच लहान काचेचे व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) दिसतात आणि त्यांवरचे क्रमांक १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ५०सी५ व ३५डब्ल्यू४ असे वाचता येतात. निर्मात्याचे लेबल झिजलेले असून वर्ष कुठेच नाही. डायलवर मात्र ६० आणि ७० यांच्या मध्ये एक आणि १२० च्या किंचित पुढे एक असे दोन बारीक त्रिकोण छापलेले आहेत; त्यांचा अर्थ लागत नाही. या संचाचे वय कसे ठरवावे, तो एकदा लावून पाहण्यास हरकत आहे का, आणि माझ्यासारख्याने आधी पुस्तके वाचावीत की हातात सोल्डरिंग आयर्न घ्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : डायल_वाचक

वयाचे उत्तर त्या त्रिकोणांतच आहे. अमेरिकी डायलवर किलोहर्ट्झमधले शेवटचे शून्य गाळण्याची पद्धत होती, त्यामुळे आपले त्रिकोण ६४० आणि १२४० किलोहर्ट्झवर आहेत. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने ‘कोनेलरॅड’ नावाची योजना आखली होती. हल्ल्याची सूचना मिळताच नेहमीचे प्रक्षेपण थांबवायचे आणि निवडक केंद्रांनी फक्त या दोन कंप्रतांवर (फ्रिक्वेन्सींवर) बोलायचे, जेणेकरून शत्रूच्या विमानांना केंद्रांच्या लहरींचा माग काढून शहर गाठता येऊ नये, असा त्यामागचा विचार होता. १९५३ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या रेडिओंवर ही खूण सक्तीची झाली आणि १९६३ मध्ये योजना गुंडाळली गेली. म्हणजे आपला संच या दहा वर्षांतला आहे.

आता स्पीकरच्या चौकटीवर शिक्का मारलेले आकडे पाहावेत. त्यांतले पहिले तीन निर्मात्याचे, पुढचा एक किंवा दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे असतात. वर्षाचा एकच आकडा असला तर दशक कोणते हा प्रश्न एरवी पडतो, पण इथे त्रिकोणांमुळे तो सुटतो. ३ आला तरच घोटाळा. स्पीकर मागाहून बदललेला नाही ना, हे मात्र त्याचे स्क्रू आणि जोडाचे डाग पाहून ठरवावे.

उत्तर २ : सिरीज_लॅम्प

कृपया हा संच थेट प्लगला लावू नये. क्रमांकांच्या सुरुवातीचे आकडे म्हणजे हीटरचे, अर्थात व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारेचे, व्होल्ट. १२, १२, १२, ५० आणि ३५ यांची बेरीज १२१ होते, कारण पाचही हीटर एकामागोमाग एका साखळीत जोडून सरळ सुमारे १२० व्होल्टच्या विजेवर चालवले आहेत. ट्रान्सफॉर्मर वाचवून संच स्वस्त करण्याची ही युक्ती होती. भिंतीतली वीज २३० व्होल्ट असेल तर सगळे क्षणात जळेल. तेव्हा अलग वाइंडिंगचा, व्होल्टेज उतरवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच, एकाच वाइंडिंगचा ऑटोट्रान्सफॉर्मर चालणार नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी की अशा संचात विजेची एक तार बहुधा चॅसीलाच (आतल्या धातूच्या सांगाड्यालाच) जोडलेली असते. जुना प्लग कसाही उलटसुलट बसतो, आणि तो विशिष्ट बाजूने बसला तर संच बंद असतानाही हीटरच्या साखळीतून चॅसी जिवंत राहते. नॉब निघालेला असेल तर उघड्या दांड्याला बोट लावणे जिवावर बेतू शकते.

पहिली तपासणी विजेशिवाय होते. प्लग हातात ठेवून, स्विच चालू करून, त्याच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजावेत. मार्ग तुटलेला दिसला तर बहुधा एखादा हीटर गेला आहे. मार्ग जुळलेला असला तरी फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आणि मेणाचा लेप दिलेले कागदी कंडेन्सर बदलल्याखेरीज वीज देऊ नये. त्यांतही १२एव्ही६ च्या प्लेटपासून (आवाजाचा संकेत बाहेर देणाऱ्या टोकापासून) ५०सी५ च्या ग्रिडकडे (संकेत आत घेणाऱ्या जाळीकडे) जाणारा कंडेन्सर सर्वांत आधी बदलावा, कारण त्यातून वीज गळू लागली की ग्रिड धनभारित होते आणि तो व्हॉल्व्ह तापून मरतो. पहिल्यांदा वीज देताना ६० वॉटचा साधा बल्ब मालिकेत ठेवावा. तो लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे.

उत्तर ३ : मूळ_चॅसी

वरच्या सल्ल्यातील सुरक्षेच्या भागाशी मी पूर्ण सहमत आहे, पण ‘बदलून टाका’ म्हणताना थोडे थांबावे. आपला उद्देश इतिहास हा असेल तर चॅसीखालची प्रत्येक वस्तू पुरावा आहे: कोणत्या निर्मात्याचे कंडेन्सर वापरले, कोणता जोड कारखान्यातला आणि कोणता मागाहून आलेल्या मेकॅनिकचा. एकही तार कापण्यापूर्वी स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत. कागदी कंडेन्सरचे मेण हलक्या उष्णतेने मऊ करून आतली गुंडाळी काढावी, त्या नळीत नवा लहान कंडेन्सर बसवावा आणि टोके पुन्हा मेणाने बंद करावीत. काम किचकट आहे, पण दिसणे मूळचे राहते. विजेच्या तारेवरच्या कंडेन्सरला मात्र ही हौस लागू नाही. तिथे सुरक्षा-प्रमाणित नवाच भाग हवा. पेटीला पॉलिशपेपर तर मुळीच लावू नये, बेकेलाइटचा वरचा चकचकीत थर गेला की परत येत नाही.

नवा_श्रोता

सर्वांचे आभार. स्पीकरवर सहा आकडे सापडले, शेवटचे तीन ७३२ आहेत. म्हणजे १९५७ चा ऑगस्ट. मग असा प्रश्न पडतो की ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९५४ मध्ये ‘रीजन्सी टीआर-१’ हा खिशातला रेडिओ बाजारात आला, तरी त्यानंतरही व्हॉल्व्हचे संच का बनत राहिले?

उत्तर ४ : डायल_वाचक

ट्रान्झिस्टर तेव्हा महाग होते आणि त्यांतून मोठा आवाज काढणे अवघड होते, उलट पाच व्हॉल्व्हची ही मांडणी घोटून घोटून स्वस्त झालेली होती. खिशातला रेडिओ नवलाई म्हणून विकला जाई, टेबलावर असलेच संच राहत.

मांडणी मात्र दोन्हींची एकच, सुपरहेटरोडाइन (येणारी लहर संचातल्याच दुसऱ्या लहरीत मिसळून ठरावीक कंप्रतेवर आणणारी), जी एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैन्यात असताना शोधली. ती पुस्तकात वाचण्याआधी ऐकावी असे मला वाटते. आपला संच नीट चालू लागला की तो ८०० किलोहर्ट्झच्या आसपासच्या एखाद्या केंद्रावर लावावा आणि शेजारी बॅटरीवरचा दुसरा रेडिओ ठेवून त्यावर १२५५ च्या आसपास हळूहळू शोधावे. तिथे मंद केंद्र असेल तर शिट्टी ऐकू येईल, नसेल तर खरखर एकदम दबेल. तो आवाज आपल्या १२बीई६ मधल्या ऑसिलेटरचा, म्हणजे संचात स्वतः लहर निर्माण करणाऱ्या भागाचा, आहे. येणाऱ्या लहरीपेक्षा तो ४५५ किलोहर्ट्झने वर चालतो आणि दोहोंतला फरक पुढच्या व्हॉल्व्हकडे जातो. जुन्या संचाचे बटण फिरवले की शिट्टीचा सूर बदलतो. हे अंतर ४५५ ऐवजी बरेच वेगळे आले, तर त्या संचाची मधली कंप्रता (आयएफ) वेगळी आहे किंवा डायलचा काटा सरकला आहे. आधी काटा तपासावा, आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूंना हात लावू नये.