'टोकणे' मराठी नाही म्हणे!

शब्दखोर
काल इथे एकाने फर्मान काढलं: "'त्याने मला बोलताना टोकलं' ही हिंदीची उसनवारी. मराठीत 'हटकलं' लिहा." डोकं तापलं, म्हणून हे लांबण. हटकतात ते चाललेल्या माणसाला. अनोळखी कुणी फाटकातून शिरला की पहारेकरी हटकतो, "कोण? कुठे चाललात?" पाऊल थांबतं, वाक्य नाही. माझं बोलणं अर्ध्यावर असताना घुसलात, तर मला मधेच तोडलंत. आणि घुसलात ते चूक काढायला, तर टोकलंत. एकाच्या जागी दुसरं कसं चालेल?

लेखणीबहाद्दर
फर्मान माझंच. 'टोकना' हिंदीत रोज ऐकतो, मराठीत आणून वर छटा शिकवता? 'मोडता घालणे' काय वाईट आहे?

शब्दखोर
मोडता ठरलेल्या कामात घालतात. लग्नात घाला, माझ्या वाक्यात नको.

बांधावरून
टोकणं हिंदी? आम्ही भुईमूग काय हिंदीत टोकतो? काठीने भोक पाडायचं, दोन दाणे सोडायचे, पायाने माती लोटायची. पाभरीच्या पेरणीपेक्षा बी कमी लागतं.

लेखणीबहाद्दर
तो शब्द वेगळा. इथे बोलण्याचा विषय चाललाय.

सरकीवाला
आणि ते टोकणं नाही, टोबणं. आमच्याकडे सरकी टोबतात.

बांधावरून
तुमच्याकडे टोबत असतील. आमच्याकडे टोकण म्हणतात, कृषी खात्याच्या पत्रकातही टोकणच असतं.

सरकीवाला
पत्रकं लिहिणारे कधी वाकलेत का शेतात? अख्खा दिवस टोबून कंबर धरते तेव्हा शब्द कळतो.

बांधावरून
माझी कंबर काय खुर्चीत गेली? जरा जपून बोला.

उंबरठा
तुमचं भांडण चालू द्या. माझे वडील टोकायचे. शाळेतली गंमत सांगताना माझ्या तोंडून "तो म्हटला" गेलं की पेपरातून नजर न काढता, "म्हणाला." पुढे सांग म्हणायचे, पण मी प्रत्येक क्रियापदाआधी अडखळायचे. त्यांनी मला तोडलं असं म्हणवत नाही, ऐकत तर असायचे. हटकलं तर नाहीच. शेवटी मी गमती सांगणंच सोडलं. आता याला दुसरं क्रियापद द्या.

खमंग
घरात कोण बोलतं 'टोकू नकोस'? "मधे मधे करू नको" म्हणतो आपण. संपला विषय.

लेखणीबहाद्दर
उंबरठा, तुमच्या वडिलांसाठी 'टोकणे' घ्या, एवढ्यापुरतंच. शब्दखोर महाशयांना ते जिंकल्यासारखं वाटणार, वाटू दे. 'इंटरप्ट केलं'पेक्षा बरं.

सरकीवाला
दोन दाणे कोण सोडतं? एक उगवला नाही तर नांगे भरत बसा, रिकाम्या जागी पुन्हा बी लावत. तीन.

बांधावरून
तीन सोडून मग विरळणीला, जादा रोपं उपटायला, मजूर तुम्ही देणार का?