घरातल्या टाकाऊ वस्तूंतून प्रतिकृतींचे बारकावे : आपले अनुभव

प्रमाणबद्ध प्रतिकृती घडवणाऱ्या माणसाच्या घरातून रद्दी आणि कचरा सहजासहजी बाहेर जात नाही, कारण चहाचा चोथा, गोळ्यांची रिकामी पाकिटे, संपलेल्या रिफिली आणि उदबत्तीच्या काड्या यांत त्याला कुठेतरी एखादा वासा, नळ किंवा पत्रा दिसत असतो. असे आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, अशी सर्वांना विनंती आहे. दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगाव्यात. एक म्हणजे आपल्या प्रतिकृतीचे प्रमाण काय होते, आणि दुसरी म्हणजे ती वस्तू किमान एक पावसाळा टिकली का. परदेशी चित्रफितींमधल्या बऱ्याच युक्त्या कोरड्या हवेत जमतात, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात त्यांची खरी परीक्षा होते.

सुरुवात मी करतो.

पुणे. खंडाळ्याच्या घाटातला रेल्वेमार्ग, प्रमाण १:८७

रुळांखाली अंथरायची खडी हा माझा पहिला प्रश्न होता. प्रत्यक्ष मार्गावरचा मोठा खडा साधारण ६५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे १:८७ या प्रमाणात तो पाऊण मिलिमीटरचा हवा. रव्याचा दाणा डोळ्यांना अगदी तेवढाच दिसला, म्हणून मी दोन मीटर मार्गावर काळपट रंगवलेला रवा फेव्हिकॉलने चिकटवला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्यात किडे झाले, मुंग्यांची रांग लागली आणि सगळा मार्ग खरवडून काढावा लागला. त्यानंतर बांधकामावरून मूठभर दगडाची कच आणली, ती धुऊन वाळवली, आधी चहाच्या गाळणीतून आणि मग पिठाच्या चाळणीतून चाळली आणि पिठाच्या चाळणीवर उरलेली तेवढीच वापरली. आपल्या घाटातला दगड आणि ही कच दोन्ही बेसाल्टच असल्यामुळे रंग देण्याची गरजच पडली नाही. चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब घातला, म्हणजे मिश्रण खड्यांवर थेंबाथेंबाने न राहता आत झिरपते. ते सोडण्यासाठी डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली उत्तम चालते. हा मार्ग पाच पावसाळे जसाच्या तसा आहे.

डोंबिवली. मालवणजवळचे आजोळचे घर, प्रमाण १:७२

रव्याच्या बाबतीत आपल्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. खाण्याजोगी कोणतीही वस्तू प्रतिकृतीत घालू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

आमचे आजोळचे घर काही वर्षांपूर्वी पाडले गेले, आणि आईला ते पुन्हा पाहता यावे म्हणून मी ही प्रतिकृती करायला घेतली. छपरासाठी खोक्याच्या पुठ्ठ्यावरचा वरचा कागद ओलसर करून सोलला की आतली पन्हळ मोकळी होते आणि ती कौलांसारखी दिसते, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु मंगलोरी कौल साधारण २४ सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे १:७२ मध्ये ते सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास येते. मिक्सरच्या खोक्याची पन्हळ सहा-सात मिलिमीटरची होती, त्यामुळे पहिले छप्पर कौलांचे न वाटता नळ एकाशेजारी एक मांडल्यासारखे वाटू लागले. पुढे दोन-तीन महिने घरात येणारे प्रत्येक खोके मी पट्टीने मोजत राहिले, आणि शेवटी काचेच्या लहान बाटल्यांच्या एका खोक्यात हवी तशी बारीक पन्हळ सापडली. ती सबंध न लावता आडवे कापून साडेचार मिलिमीटर दिसतील अशा पट्ट्या केल्या आणि वळचणीपासून आढ्याकडे एकीवर एक चढवत नेल्या, कारण खरी कौलेही तशीच शाकारली जातात. रंगासाठी दिवाळीत कुंड्यांना लावून उरलेला गेरू पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवला. प्रत्येक पट्टीला थोडा वेगळा हात दिल्यामुळे जुनी आणि बदललेली कौले वेगवेगळी ओळखू येतात.

चिऱ्याच्या भिंतीसाठी विटेची वस्त्रगाळ भुकटी आणि फेव्हिकॉल यांचा लगदा पुठ्ठ्यावर थापला, तो अर्धवट वाळला असताना जुन्या दातांच्या ब्रशने टोचला आणि संपलेल्या रिफिलच्या टोकाने चिऱ्यांच्या रेघा ओढल्या. जांभा दगडाची सच्छिद्रता याहून चांगली मला दुसऱ्या कशाने साधली नाही.

पडवीचे वासे उदबत्तीच्या काड्यांचे आहेत. त्या नव्या लाकडासारख्या पिवळ्या दिसू नयेत म्हणून आधी चहाच्या दाट काढ्यात बुडवून वाळवल्या आणि मग त्यांवर लोखंड मुरवलेले व्हिनेगर फिरवले. चहातले टॅनिन आणि व्हिनेगरमध्ये उतरलेले लोखंड यांचा संयोग झाला की काही मिनिटांत लाकूड पावसाने काळवंडल्यासारखे राखाडी होते. यासाठी आपल्या स्वयंपाकघरातली चकचकीत घासणी उपयोगी पडत नाही, कारण ती स्टेनलेस स्टीलची असते आणि मी ती आठवडाभर व्यर्थ भिजत ठेवली होती. गंजके खिळे आणि टाचण्या घालाव्यात. बाटलीचे झाकण मात्र घट्ट लावू नये, कारण या प्रक्रियेत हायड्रोजन वायू तयार होतो.

एक गोष्ट टिकली नाही. अंगणातल्या झुडपांसाठी वाळवलेल्या कोथिंबिरीचा चुरा वापरला होता, त्याचा हिरवा रंग उन्हाने वर्षभरात मातकट झाला. आता तिथे धुऊन, कढईत कोरडा भाजून रंगवलेला चहाचा चोथा आहे. तो नीट भाजला नाही तर त्याला बुरशी येते, ही काळजी घ्यावी.

प्रतिकृती पाहिल्यावर आईने पडवीतल्या उजव्या खांबाजवळ बोट ठेवले आणि तिथे आजोबांची आरामखुर्ची असायची, असे सांगितले. ती खुर्ची मी सध्या आगपेटीच्या काड्यांची करत आहे.

वसई. शिडाचे मासेमारीचे गलबत, प्रमाण १:४८

मी थोडक्यात लिहितो. शिवणाचा दोरा जसाच्या तसा दोरखंड म्हणून लावला तर त्यावरची बारीक लव ४८ पट मोठी होऊन डोळ्यांत खुपते. दोरा मेणाच्या वडीवरून दोन-तीन वेळा ओढून घेतल्यास ती बसते. शिडासाठी अनेक धुण्यांनी विरलेल्या मलमलीच्या धोतराचा तुकडा चहात बुडवून वापरला. दोरखंड ओढण्याच्या कप्प्यांच्या जागी तुटलेल्या माळेतले दोन मिलिमीटरचे मणी लावले आहेत, जे या प्रमाणात दहा सेंटीमीटरचे होतात. खाऱ्या हवेत लोखंडी टाचण्यांनी तिसऱ्याच पावसाळ्यात गंज धरला आणि शिडावर डाग पडले. आता मी फक्त जुन्या वायरीतली तांब्याची तार वापरतो.

बंगळूर. नॅट लढाऊ विमान, प्रमाण १:७२

वैमानिकाच्या आसनाचा पट्टा पाच सेंटीमीटर रुंद धरला तर या प्रमाणात तो ०.७ मिलिमीटर होतो. गोळ्यांच्या पाकिटामागची चंदेरी पन्नी नव्या पात्याने तेवढी कापता येते आणि दुमडल्यावर तशीच राहते, कागद मात्र उसळून सरळ होतो. विमानाच्या संचात सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात, तिचा उरलेला प्लास्टिकचा दांडा मेणबत्तीच्या ज्योतीवर मऊ करून, ज्योतीबाहेर काढून हळूच ताणला की केसाएवढी तार मिळते आणि तिचा अँटेना करता येतो. माझे एक नुकसान सांगतो. चालककक्षाचे पारदर्शक झाकण मी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवले आणि त्याच्या वाफेने ते आतून धुरकट झाले. तेव्हापासून पारदर्शक भागांना मी साधा पांढरा फेव्हिकॉलच लावतो.

सातारा, शिक्षिका. राजगड, प्रमाण १:४०००

दिवाळीत मुले किल्ला मातीचा करतात, त्यात मावळा बुरुजाएवढा असतो आणि ते तसेच सुंदर असते. आठवीच्या वर्गाबरोबर मात्र आम्ही नकाशावरून गड करायचे ठरवले. नकाशावर दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा होती, म्हणजे १:४००० मध्ये प्रत्येक थर पाच मिलिमीटरचा हवा, आणि दुकानांतून मागून आणलेल्या पाच पदरी खोक्यांचा पुठ्ठा नेमका तेवढा जाड निघाला. सगळ्या थरांच्या कडा लगद्याने गुळगुळीत कराव्यात, असे प्रथम वाटले होते. पण सह्याद्रीतला बेसाल्ट थरावर थर असा पायऱ्यांनी रचलेला आहे, त्यामुळे बालेकिल्ल्याच्या कड्याला आम्ही कडा मुद्दाम उघड्या ठेवल्या आणि केवळ खालचे रानाचे उतार भरून घेतले.

झाडांसाठी मुलांनी मोहरी आणली होती, कारण या प्रमाणात तिचा दाणा सहा ते आठ मीटरच्या झाडाएवढा होतो. वर लिहिल्याप्रमाणेच तिला पावसाळ्यात बुरशी आली आणि नंतर आम्ही लाकडाचा रंगवलेला भुसा घातला.

सर्वांत जास्त वेळ संजीवनी माचीला लागला. तिथली तटबंदी दुहेरी आहे, आणि दोन तटांमधून माणूस चालू शकेल एवढीच अरुंद वाट राहते. आमच्या प्रमाणात ती फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी येत होती, आणि पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या समोरासमोर लावल्या की फट बुजून जाई. एका मुलीने घरून मशीनच्या दोऱ्याचे रीळ आणले. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या दीड मिलिमीटर उंच दोन पट्ट्यांमध्ये तिने तो दोरा धरला, गोंद वाळू दिला आणि मग दोरा एका टोकाने हळूहळू ओढून काढला. माचीच्या टोकापर्यंत फट मोकळी राहिली.