बाबांच्या फोनवर 'आरटीओ चलान'ची फाईल आली, अँटिव्हायरस घ्यावा का?

केतकी_के

नमस्कार मंडळी. मी पुण्यात असते, आई-बाबा कराडला. बाबा एसटीतून निवृत्त झालेत. परवा त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खजिनदार काकांच्या नंबरवरून मेसेज आला : तुमच्या वाहनावर ५०० रुपयांचं ई-चलान झालं आहे, पावती पाहण्यासाठी फाईल उघडा. खाली 'आरटीओ ई-चलान' नावाची फाईल, नावाच्या शेवटी एपीके. नंबर ओळखीचा, शिवाय बाबांनी नुकतीच स्कूटर स्टँडजवळ नको तिथे लावली होती, त्यामुळे त्यांना ते खरंच वाटलं. त्यांनी फाईलवर टिचकी मारली. फोनने काहीतरी सूचना दाखवली, तिथे ते थांबले आणि मला फोन केला. पुढे काही दाबलेलं नाही.

आईला वेगळाच ताप. तिला मेसेज येतो की मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब या अधिकाऱ्याला फोन करा. खाली साधा मोबाईल नंबर.

पेन्शनचं खातं आणि यूपीआय दोन्ही बाबांच्या त्याच फोनवर आहेत. कोणता अँटिव्हायरस विकत घ्यावा? दादा म्हणतो यूपीआय काढूनच टाका. मला ते पटत नाही. भाजी, दूध, औषधं सगळं ते स्कॅन करून देतात आणि त्यांना ते छान जमतं.

अनय

चांगला पेड अँटिव्हायरस टाका, वर्षाला फार पैसे लागत नाहीत. बाकी माणूस सावध असला की काही होत नाही. जे दिसेल त्यावर बोट ठेवतात तेच फसतात.

बार्शीचा_मोबाईलवाला

केतकीताई, माझं बार्शीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ही फाईल दाबलेले फोन माझ्या काउंटरवर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बाबांना सांगा की त्यांनी केलं ते एकदम बरोबर केलं. फाईल नुसती उतरली आणि इन्स्टॉल झाली नाही, तर बिघडलेलं काही नाही. व्हॉट्सॲपमधून आणि फोनच्या डाउनलोड्समधून, दोन्हीकडून ती डिलीट करा.

आता ती फाईल करते काय? एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाईल. इन्स्टॉल झाली की आधी एसएमएसची परवानगी मागते, मग नोटिफिकेशन आणि कॉन्टॅक्टची. मग चलानसारखं दिसणारं पान उघडतं, वर अशोकस्तंभाची राजमुद्रा वगैरे सगळं. तिथे पाचशेचा आकडाही नसतो कधीकधी, 'पडताळणीसाठी १ रुपया भरा' एवढंच असतं. एक रुपयाला कोण घाबरतो? पण त्यासाठी एटीएम कार्डाचा नंबर, त्याची मुदत आणि पिन विचारतात, आणि खरा डाव तिथेच आहे. नव्या फोनवर यूपीआय सुरू करायचं तर तुमच्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो. तो एसएमएस ते ॲप गुपचूप पाठवतं. नवा यूपीआय पिन बसवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी लागतो. कार्ड तुम्ही भरून दिलेलंच असतं, ओटीपी ते ॲप वाचून घेतं. म्हणजे तुमचं खातं दुसऱ्या कुठल्यातरी फोनवर चालू होतं आणि तुमच्या हातातल्या फोनवर काहीच हालत नाही.

असा फोन हातात घेतला की मी आधी ॲपची पूर्ण यादी उघडतो. स्क्रीनवर आयकॉन नसतो, पण यादीत 'चलान' किंवा 'अपडेट' असलं काहीतरी बसलेलं असतं. 'अनइन्स्टॉल'चं बटण फिकं पडलेलं असतं, दाबलं तरी हलत नाही, कारण त्याने डिव्हाइस ॲडमिनची, म्हणजे फोनवर ताबा ठेवायची परवानगी घेतलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन आधी ती काढावी लागते, मगच ते निघतं. आणि मेसेज उघडले तर बँकेचे मेसेज गायब. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की मेसेज आलाच नाही. आलेला असतो हो, त्याला दिसू दिलेला नसतो.

अँटिव्हायरसचं म्हणाल तर ही फाईल रोज नवं रूप घेते. आज चलान, उद्या लग्नपत्रिका, परवा पीएम किसान. जुनी ओळखीची फाईल अँटिव्हायरस पकडतो, काल रात्री बनवलेली सुटू शकते. घ्यायचा तर घ्या, नुकसान नाही. पण त्याआधी फुकटातली तीन कामं करा. सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे' अशा अर्थाचं पान शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर या सगळ्यांपुढची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे ॲप तपासणारी गूगलची सोय, चालू आहे ना ते बघा. ते बंद करायला सांगणारा माणूस भामटाच समजा. व्हॉट्सॲपमध्ये फाईल आपोआप डाउनलोड होणं बंद करा. मग बाबांनी चुकून टिचकी मारली तरी फोनच आत घेणार नाही.

अनयदादा, 'सावध असला की काही होत नाही' हे मला मान्य नाही. माझ्याकडे फोन घेऊन येणाऱ्यांत शिक्षक असतात, व्यापारी असतात, इंजिनिअरिंगची पोरं असतात. माणूस दमलेला असतो, घाईत असतो, गाडीचं खरंच चलान झालेलं असतं. रोज चोवीस तास सावध कुणीच राहत नाही. म्हणून फोनलाच कडी लावून ठेवायची.

आईंच्या मेसेजवर मात्र कुठलंच सॉफ्टवेअर पुरणार नाही. त्या नंबरवर फोन केला की समोरचा गोड बोलून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतो, एनीडेस्कसारखं. ते ॲप स्वतः वाईट नसतं, प्ले स्टोअरवरच मिळतं, त्यामुळे कुणी अडवत नाही. आईंना एक गोष्ट सांगा : वीज कायदा २००३, कलम ५६. बिल थकलं तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. म्हणजे 'आज रात्री साडेनऊ' हे वाचल्या वाचल्याच खोटं ठरतं. शंका राहिली तर महावितरणच्या ॲपवर बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून बिल बघायचं, नाहीतर वायरमनला विचारायचं.

मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगतो. निरोप ज्या वाटेनं आला त्या वाटेनं परत जायचं नाही. चलानाचा मेसेज आला? परिवहनच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा. बँकेचा फोन आला? ठेवा आणि पासबुकावरच्या नंबरवर आपण लावा. मेसेज खरा असो की खोटा, आपली वाट आपल्याला माहीत असली की फसवणाऱ्याला मध्ये उभं राहायला जागाच उरत नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

वरचं उत्तर उत्तम आहे. मी बँकेच्या बाजूचं सांगते.

केतकी, यूपीआय काढू नकोस, खातं वेगळं कर. बाबांचं दुसरं एक बचत खातं उघड, यूपीआय फक्त त्याला जोड आणि महिन्याच्या खर्चापुरते पैसे त्यात टाक. पेन्शनच्या खात्यावरून यूपीआय काढून टाक. त्या खात्याच्या डेबिट कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करता येतात, तेही कर. आणि एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे मुदत ठेवी. नेट बँकिंग हाती लागलं की हे लोक ठेव मोडतात किंवा ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे तिच्या तारणावर कर्ज काढतात. खात्यात आठ हजार असलेल्या माणसाचे आठ लाख जातात ते असे. नेट बँकिंगची गरज नसेल तर शाखेत अर्ज देऊन फक्त बघण्यापुरतं ठेवता येतं का, हे विचार.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने घालून दिलेला नियम बाबांना समजावून सांग, आताचा तपशील शाखेत विचारून घे. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरात आलं. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर शून्य भार. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत. पण पिन किंवा ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून दोन्ही बाबतींत घड्याळ महत्त्वाचं. बँकेला कळवल्याचा तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले असतील तिथे ते गोठवायचा प्रयत्न होतो. चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवून एटीएममधून काढतात, त्यामुळे पहिल्या तासाला फार किंमत आहे. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक हाताशी ठेवायचा.

आणखी दोन खुणा. बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी आता १६०० ने सुरू होणारी मालिका आहे, आणि बँकांच्या वेबसाइट्ससाठी 'डॉट बँक डॉट इन' असं राखीव नाव आलंय. तुमच्या बँकेचा पत्ता आता काय आहे तो शाखेतून लिहून आणा आणि पासबुकाच्या आतल्या पानावर चिकटवा.

तन्मय_कोथरूड

पत्त्यांवरून आठवलं. पत्ता डावीकडून वाचायची सवय घात करते. 'ईचलान-परिवहन' असं सुरुवातीला दिसलं की डोळे तिथेच समाधान मानतात. सुरुवातीच्या एचटीटीपीएस नंतर येणारी पहिली एकेरी तिरकी रेघ शोधायची आणि तिच्या लगेच डावीकडचे शब्द बघायचे. तिथे 'गव्ह डॉट इन' असेल तर सरकारी. तिथे 'एक्सवायझेड' किंवा 'टॉप' असेल तर पुढे कितीही अशोकस्तंभ असोत, काही उपयोग नाही. मोबाईलवर पत्ता अर्धाच दिसतो, त्यावर बोट ठेवून पूर्ण बघायचा.

अँटिव्हायरसपेक्षा मला पासवर्ड मॅनेजर जास्त कामाचा वाटतो, क्रोममधला साधा असला तरी. तो पासवर्ड खऱ्या पत्त्यावरच भरतो. पान हुबेहूब असलं आणि आपल्याला फरक कळला नाही, तरी त्याला पत्ता जुळत नाही म्हणून तो गप्प बसतो. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, की तिथेच थांबायचं आणि हाताने टाइप करायच्या फंदात पडायचं नाही. जिथे पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने होणारं लॉगइन) मिळते तिथे तीच घ्या. खोट्या साइटला देण्यासारखं आपल्या हातात काही राहतच नाही.

केतकी_के

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी कराडला गेले होते. बाबांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपपुढची ती परवानगी चालूच निघाली, कधी दिली त्यांना आठवत नाही. बंद केली. प्ले प्रोटेक्ट चालू होतं. दुसऱ्या खात्याचे कागद शाखेत दिलेत. आईने कलम ५६ कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

दोन गोष्टी राहिल्या. खजिनदार काकांना कसं सांगू? ते म्हणतात, मी काही पाठवलंच नाही, आणि ग्रुपवर लोक त्यांना बोल लावतायत. दुसरं, बाबा आता मला दर मेसेज दाखवायला संकोचतात. 'तुला किती त्रास द्यायचा' म्हणतात.

बार्शीचा_मोबाईलवाला

ताई, काका खरं बोलतायत. त्यांच्या फोनमध्ये ती फाईल आधीच शिरली असणार किंवा त्यांचं व्हॉट्सॲप दुसरीकडे चालू असणार, आणि तिथून ती सगळ्या नंबरांना जाते. म्हणजे आज सगळ्यात जास्त धोका त्यांच्याच पैशांना आहे, आणि लोक नेमके त्यांनाच झापतायत. हे कृपा करून थांबवा. शरमेने माणूस गप्प बसतो. माझ्याकडे एक आजोबा पोरांना कळू नये म्हणून दोन दिवस फोन पिशवीत घेऊन फिरत होते. तोवर जायचं ते गेलं होतं. बाईंनी वर पहिल्या तासाचं सांगितलंय ना, तो तास घरच्यांच्या रागावण्याच्या भीतीत जातो.

काकांना आजच हे करायला लावा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला आणि त्यावरून बँकेला फोन करून खातं, कार्ड, यूपीआय थांबवा. त्याच सिमवरून *#२१# लावून कॉल दुसरीकडे वळवलेत का बघा. वळवलेले असले तर ##००२# लावा, सगळे रद्द होतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. मग फोटो काढून घेऊन फोन पूर्ण रीसेट करा. ॲपचा बॅकअप परत घेऊ नका, ॲप प्ले स्टोअरवरून नव्याने टाका. शेवटी व्हॉट्सॲप सुरू करून 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी काही असेल तर काढून टाका आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा.

बाबांसाठी म्हणाल तर रोज एक ठरलेली वेळ ठेवा, जेवणानंतर वगैरे. दिवसभरात जे संशयास्पद आलं त्याचे स्क्रीनशॉट ते तुम्हाला त्या वेळी पाठवतील, तोवर कशालाच हात लावायचा नाही. सरकारी असो, बँकेचं असो, रात्रीपर्यंत थांबलं म्हणून खऱ्या कुणाचं काही अडत नाही. पैसे खरंच कापले गेल्याचा मेसेज आला तर मात्र वेळ बघायची नाही, मध्यरात्री असली तरी फोन करायचा, हे त्यांना तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगा.

आणि ग्रुपच्या ॲडमिनला सांगून ती फाईल सगळ्यांसाठी डिलीट करून घ्या. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही काढता येतो. ती अजून तिथेच पडली असेल, आणि ग्रुपवर सगळ्यांनी काही हा धागा वाचलेला नाही.